दुसऱ्या ओळीपासून

बाई,

तुम्ही माझ्या लग्नात दिलेल्या पत्राच्या कागदांपैकी बरेचसे अजून माझ्याकडे आहेत. गिरगावातल्या छापखान्यातून मुद्दाम करून आणलेले, डाव्या कोपऱ्यात माझं माहेरचं नाव, आडनावासकट, बारीक निळ्या अक्षरांत. बाकी सगळ्यांनी स्टीलची भांडी आणि चादरी दिल्या, आणि तुम्ही हे. खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडा रागच आला होता. चार दिवसांनी जे आडनाव राहणारच नाही ते छापून द्यायचं म्हणजे काय? सासूबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "प्रेसवाल्याची चूक झाली वाटतं." मी ते बॅगेच्या तळाशी ठेवून दिले. आज त्यातलाच एक गठ्ठा घेऊन परळच्या अभ्यासिकेत बसले आहे, तुमच्या खिडकीजवळच्या बाकावर. दुपारच्या सुट्टीची वेळ आहे. मुली डबे घेऊन खाली गेल्यात आणि त्यांच्या वह्या, ओढण्या, मोबाइलचे चार्जर जागा अडवून पडलेत. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षांच्या वर झाली आणि तुम्हाला लिहायचं मला आज सुचतंय. यावर तुम्ही काय म्हणाल तेही मला माहीत आहे. चष्मा नाकावर खाली घेऊन म्हणाल, "लवकर सुचलं गं."

अभ्यासिका आहे अजून, हे आधी सांगते, म्हणजे जीव भांड्यात पडेल तुमचा. मध्यंतरी ती जायची वेळ आली होती. छत गळत होतं, वायरिंग जुनं झालं होतं, आणि आमच्या विद्यापीठाचे कुलसचिव एक दिवस मला बोलावून म्हणाले, "मॅडम, हल्ली मुली मोबाइलवरच अभ्यास करतात. एवढी मोठी खोली अडवून काय करायचंय? तिथे एक एसी हॉल होईल, भाड्याने देता येईल." माणूस वाईट नाही. त्यांच्या घरी प्रत्येकाला स्वतंत्र खोली असणार, एवढंच. मी त्यांना म्हटलं, सर, लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहतात आणि टीव्ही एकच असतो, तिथली मुलगी वाचायला कुठे जाईल? ते म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत दुरुस्तीचा निधी उभा करा. झाला तर खोली तुमची." तुमची म्हणाले. मला वाटलं, याला कुठे माहीत आहे कोणाची. तुम्ही दारोदार फिरून उभी केलेली ही खोली आपल्या हातून जाणार, या विचाराने त्या दिवशी डबा मी तसाच घरी परत नेला.

मला तुमचा स्वयंपाकघराचा ओटा आठवला. चैत्रातली दुपार. तुम्ही उकडलेल्या कैऱ्यांचा गर हाताने मोडताय, गुळाचा खडा विरघळत नाही म्हणून त्याच्यावर चिडताय, आणि मी पाटावर बसून निळ्या इनलँड लेटरांवर पत्ते लिहिते आहे. मी एम. ए.ला होते तेव्हा. तुमच्या जुन्या विद्यार्थिनी त्या दुपारी एकेक करून यायच्या, पन्हं प्यायच्या, वाटीत आंबेडाळ घ्यायच्या. हळदीकुंकू नसायचंच. कोणालाच कुंकू लावायचं नाही म्हटल्यावर कोणाला वगळायचा प्रश्नच आला नाही. तुमच्यासारख्या विधवाही यायच्या, नवऱ्याला सोडून आलेल्याही यायच्या, आणि आमच्या वाडीतली मी ख्रिस्ती पोर तर ओट्याशीच ठाण मांडून असायची. आलेल्या प्रत्येकीला तुम्ही एकच विचारायचात, "या वर्षी काय बदललं?" आणि लाल पुठ्ठ्याच्या लांब वहीत तिचा नवा पत्ता घालायचात. ज्या येऊ शकायच्या नाहीत त्यांना मग पत्र जायचं. मुलींच्या परीक्षेच्या फीसाठी, अभ्यासिकेच्या पंख्यांसाठी, पुस्तकांसाठी.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला होता. एकच मजकूर सगळ्यांना घालायचा तर वर "सर्व माजी विद्यार्थिनींस" लिहिलं की झालं, असं मला वाटलं, आणि वीसेक पत्रं मी तशी लिहूनही टाकली. तुम्ही एक उचललंत, वाचलंत, आणि म्हणालात, "सर्व म्हणजे कोण? सर्व नावाची एक बाई मला आणून दाखव, मी तिच्याकडे मागते." सगळी वीस पत्रं बाद. त्या काळात इनलँड फुकट मिळत नव्हतं. मी रडवेली झाले तसं तुम्ही मला पन्ह्याचा पेला दिलात आणि वही उघडून समजावलंत. वहीत प्रत्येकीची दोन नावं होती. पहिल्या रकान्यात ती शिकायला आली तेव्हाचं, दुसऱ्यात लग्नानंतरचं. "बाहेर सासरचं लिहायचं, आत माहेरचं," तुम्ही म्हणालात. "बाहेरचं पोस्टमनसाठी आणि सासूसाठी. आतलं तिच्यासाठी." मला हे सगळं जरा विचित्रच वाटत होतं. आमच्यात लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, पण बाप्तिस्म्याचं नाव तेच राहतं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि दुसऱ्या दिवसापासून बाईने त्याला ओ द्यायची, हे मी तुमच्याकडच्या लग्नांतून पाहिलं होतं, पण नुसतं पाहिलं होतं.

आणि ती फूटपट्टी. वही उघडली की तुम्ही पहिल्या पानावर सर्वांत वर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवायचात आणि म्हणायचात, "दुसऱ्या ओळीपासून सुरू कर." मला वाटायचं वर काहीतरी शीर्षक असेल, श्री वगैरे, शाई लागू नये म्हणून झाकत असाल. कित्येक चैत्र मी दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली. कधी विचारलं नाही. इतर बाबतींत माझं तोंड काही कमी चालायचं नाही, पण नेमकं हेच विचारायचं राहिलं.

माझं लग्न ठरल्याचं सांगायला आले तेव्हाही तुम्ही ओट्याशीच होतात. "नाव काय ठेवणार?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "आमच्यात नाही बदलत, बाई. आडनाव तेवढं." तुम्ही हातातली पळी खाली ठेवलीत. मग "बरं आहे," म्हणालात आणि पाठ फिरवून दूध उतू जातंय का ते बघायला लागलात. ते दूध अजून तापायलाही लागलं नव्हतं. त्यानंतर महिन्याभराने हे कागद आले.

पुढे मी आपल्याच विद्यापीठाच्या ऑफिसात लागले, तुम्ही निवृत्त झालात, आणि मोबाइल आले. तुमचा तो छोटा काळा फोन, त्याला शिवलेली खणाची पिशवी, आणि बोलताना तो कानापासून वीतभर लांब धरायची तुमची तऱ्हा! पंचाहत्तरी उलटल्यावर तुम्ही पुन्हा सगळ्या वहीला हात घातलात. एकेकीला फोन करून तिचा मोबाइल नंबर मागायचा, आकडे मोठ्याने दोनदा म्हणून घ्यायचे, मग मिस्ड कॉल द्यायला लावायचा, आणि तो आला की नंबराखाली रेघ. तुम्ही म्हणायचात, पत्ते बदलतात, घरं पाडतात, टॉवर होतात, हा नंबर मात्र बाईच्या पर्समध्ये राहील. तेव्हा गिरण्यांच्या चिमण्या एकेक करून पडत होत्या आणि तुमच्या वहीतले अर्धे पत्ते खरंच रद्द झाले होते. वर्षभर हे काम करून तुम्ही ती वही माझ्या हातात दिलीत. "कॉम्प्युटरवर घाल सगळं. मी आता फार दिवस पुरणार नाही." मी म्हटलं, काहीतरी काय बोलता बाई. वहीत फूटपट्टी नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. मी सगळं घातलं नाही, बाई. मार्चचा महिना होता, ऑफिसात निकालांचं काम होतं, आणि त्या कॉम्प्युटरवर देवनागरी टाइप करायला जीव जायचा. मी पहिल्या रकान्यातलं नाव घेतलं आणि सर्वांत शेवटचा मोबाइल नंबर घेतला. मधला रकाना सोडला. सासरच्या नावाचा. नंबर आहे ना, मग दुसऱ्या नावाची काय गरज, असं मी स्वतःला पटवलं. माझ्या दृष्टीने नाव म्हणजे नाव, बाईला एकच असतं. मधल्या रकान्याकडे मी डोळे फिरवूनही पाहिलं नाही, बोट पहिल्यावरून उचलायचं आणि शेवटच्यावर ठेवायचं, दोन दिवसांत काम उरकलं. वही ऑफिसच्या कपाटात गेली. पुढे ऑफिस परळला हललं तेव्हा जुन्या कागदांबरोबर ती रद्दीत गेली, कारण "यादी कॉम्प्युटरवर आहे" असं लेखी देणारी मीच होते.

तुम्हाला भेटायला आले तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. गिरगावच्या त्याच खोलीत, गॅलरीकडे डोकं करून. पुतण्या औषध आणायला खाली गेला होता. तुम्ही विचारलंत, "वही झाली?"

"झाली बाई."

"दोन्ही नावं घातलीस ना?"

"हो बाई," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, पकडलं बहुतेक. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग तुम्ही म्हणालात, "मग काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं, बाई?"

"काही नाही," तुम्ही म्हणालात, आणि मला पाणी मागितलंत. त्यानंतर तीन आठवड्यांत तुम्ही गेलात. या संभाषणाकडे मी पुन्हा येणार आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला त्याचा अर्थ कळला आहे.

तर कुलसचिवांनी मार्चअखेर सांगितली तेव्हा मी आधी हल्लीच्या रीतीने गेले. अभ्यासिकेचं फेसबुक पान उघडलं. गळक्या छताचे फोटो टाकले, मुली वाचताहेत त्याचा छोटा व्हिडिओ केला, पैसे पाठवायचा चौकोनी कोड खाली चिकटवला. लोकांनी बदाम पाठवले, हात जोडलेले पाठवले, "जुने दिवस आठवले" लिहिलं. निधी म्हणावा तसा येईना. विद्यापीठाच्या जुन्या पुरुष विद्यार्थ्यांची नावं शोधली की पटकन सापडत, अमुक बँकेत, तमुक देशात. तुमच्या मुलींपैकी मात्र एकही सापडेना. यादीतलं नाव टाकलं की कोणीतरी भलतीच विशीतली पोर समोर यायची. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की मी मधला रकाना सोडून काय करून ठेवलंय. अर्धं आयुष्य ज्या नावाने त्या जगल्या ते नाव माझ्याकडे नव्हतंच. एवढ्या बायका मी स्वतःच्या हाताने हरवून टाकल्या होत्या.

उरले होते फक्त नंबर. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर माझी लालबागची मैत्रीण बसते, माझ्याच वयाची, आवाजाने खणखणीत. तिने एक पद्धत शोधून काढली, की यादी द्यायची आणि व्हॉट्सॲपचा निरोप प्रत्येकीला तिच्या नावाने आपोआप जातो. एका शनिवारी सकाळी आम्ही तो सोडला. मजकूर मी लिहिला होता, तुमच्याच जुन्या पत्रावरून, चार ओळींचा. चहा घेऊन परत येते तर मैत्रीण कपाळाला हात लावून बसलेली.

"अगो, काय करून ठेवलंस हे? सगळ्या म्हाताऱ्यांना कुमारी करून टाकलंस!"

प्रवेशाच्या वेळचं नाव, त्याच्या मागे तुमच्या वहीतलं 'कु.', आणि पुढे बापाचं नाव, आडनाव. साठ-सत्तर वर्षांच्या, नातवंडं असलेल्या, काही तर पतवंडं असलेल्या बायकांना मी कुमारी अमुक तमुक म्हणून पैसे मागितले होते. "आता शिव्या खायच्या तयारीला लाग," मैत्रीण म्हणाली. "मी तुझं नाव सांगणार, माझं नाही."

पहिलं उत्तर आलं ते असं: राँग नंबर. या नावाचं इथे कोणी राहत नाही. मी तोंड लपवून बसले. दहा मिनिटांनी त्याच नंबरावरून दुसरं आलं: आहे. मीच आहे. आधी मिस्टरांनी उत्तर दिलं, त्यांना माहीत नव्हतं.

बाई, त्यानंतर दोन दिवस तो फोन शांत राहिला नाही. एकीने बोलून पाठवलं होतं, परळला कुठल्याशा टॉवरमध्ये राहते. म्हणाली, नातवाने फोन हातात घेऊन वाचलं आणि विचारलं, आजी, ही कोण? "मी म्हटलं, ही मी. तो हसायलाच लागला हो. म्हणाला, तुझं नाव तर वेगळं आहे. मग मी त्याला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं, आमची गिरणगावातली खोली, माझा बाप, सगळं. त्याने ऐकलं बरं का, पूर्ण." दुसरी एक नुसतीच रडली, आणि शेवटी नाक ओढून म्हणाली, "कोड कुठला तो पुन्हा पाठवा, मला चष्म्याशिवाय दिसत नाही." एकजण म्हणाली, आई गेल्यापासून या नावाने मला कोणी हाक मारलेली नाही, तुम्ही कोण आहात? मैत्रीण ऐकता ऐकता पदराने डोळे पुसायला लागली. तिचंही लग्नात नाव बदललंय, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तिने मला तिचं जुनं नाव सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "ऑफिसात कुणाला बोलू नको हां."

सगळ्याच काही विरघळल्या नाहीत. एकीने लिहिलं, ते नाव ज्या घरातलं आहे त्या घराने मला काय केलं ते तुम्हाला माहीत नाही, पुन्हा मला त्या नावाने हाक मारू नका. ते वाचून मला आठवलं, तुमच्या वहीत काही पहिल्या नावांवर लाल रेघ होती. त्यांना आत-बाहेर दोन्हीकडे दुसऱ्या रकान्यातलंच नाव घालायचं, असं तुम्ही मला बजावलेलं होतं. मी टाइप करताना लाल रेघ कशी घालायची ते मला येत नव्हतं, म्हणून तीही सोडली. मी त्यांना फोन केला, माफी मागितली, नाव विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "बाई असत्या तर असं झालं नसतं." मी म्हटलं, नसतं झालं.

निधी जमला. मार्च संपायच्या आधीच जमला, आणि कुलसचिवांनी शब्द पाळला. छत झालं, वायरिंग झालं, तुमचे बाक तेच ठेवले. मग सभागृहात कार्यक्रम झाला. कुलसचिव माइकवर म्हणाले, "काय कल्पकता! तंत्रज्ञान सगळेच वापरतात, पण माहेरच्या नावाने हाक मारण्याची ही कल्पना एका स्त्रीलाच सुचू शकते." टाळ्या झाल्या. मला शाल आणि नारळ दिला. आता इतर विभागांनी मला बोलावलंय, मोबाइल आणि समाजमाध्यमांतून निधी कसा उभारावा यावर दोन शब्द सांगायला. मी शाल घेतली, बाई. हात वर करून म्हटलं नाही, की साहेब, कल्पना कसली, आळस होता तो. मैत्रिणीलासुद्धा सांगितलं नाही. घरी आल्यावर शाल घडीसकट कपाटात ठेवली, अजून अंगावर घेतलेली नाही.

गेल्या सोमवारी मैत्रिणीने न पोचलेल्या नंबरांची यादी काढली, म्हणजे ज्यांचे नंबर बंद झाले त्यांची. पुसून टाकायची होती. ती वाचत होती आणि मी नुसतं हूं हूं करत होते. पहिलं नाव तिने वाचलं, माझ्या ओळखीचं नव्हतं. मग नंबर वाचायला लागली. सातव्या-आठव्या आकड्याशी माझा हूं थांबला. पुढचे आकडे मी तिच्या आधी म्हटले.

"तुला कसा पाठ?" ती म्हणाली.

मी माझा फोन काढून बघितलं. तुमचा नंबर मी कधी पुसलेला नाही. 'बाई' म्हणून आहे तो माझ्याकडे, एवढे फोन बदलले तरी. तोच नंबर. यादीत क्रमांक एक. टाइप करताना मी आकडे नुसते उतरवले होते, मनातही म्हटले नव्हते. तुम्ही कोणाला कधी न सांगितलेलं एक नाव, कु. लावून, वडिलांच्या नावासकट. लग्नाआधी दोन वर्षं तुम्ही इथेच शिकत होतात, हे तुम्ही एकदा ओझरतं बोलला होतात. मग लग्न, मग दोन वर्षांत वैधव्य, आणि पुन्हा प्रवेश घेतलात तो नव्या नावाने. त्याच नावाने पुढची सगळी पदवी, नोकरी, दारावरची पाटी. आम्हा सगळ्यांना तुम्ही तेवढ्याच माहीत होतात. फूटपट्टीखाली तुम्ही होतात, बाई. आमच्यातलीच एक विद्यार्थिनी म्हणून, सर्वांत वर.

"ही पुसू का?" मैत्रिणीने विचारलं. मी म्हटलं, "राहू दे." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचा नंबर वाचायला घेतला.

मधला रकाना मी नुसता नजरेने चाळला असता तरी तिथे तुमचं आम्हाला माहीत असलेलं नाव दिसलं असतं, आणि मी थांबले असते. तुम्ही फूटपट्टी काढून ती वही माझ्या हातात दिली होतीत. इतक्या वर्षांत कोणाला दाखवलं नाही ते मला दाखवलंत, कारण माझं नाव कोणी बदलणार नव्हतं म्हणून असेल, किंवा मी ओट्याशी बसायचे म्हणून असेल, मला आता कळायचा मार्ग नाही. आणि अंथरुणावरून तुम्ही जे विचारत होतात ते यादीबद्दल नव्हतंच. मी वाचलं का, एवढंच तुम्हाला हवं होतं. मी हो म्हटलं. म्हणजे तुम्ही जाताना असं समजून गेलात की मी ते नाव वाचलं आणि मला त्यावर काही म्हणावंसं वाटलं नाही. गेला आठवडाभर मला हे सहन होत नाहीये.

एवढी निळी पत्रं मी तुमच्या ओट्याशी बसून लिहिली, प्रत्येकीला तिच्या आतल्या नावाने. तुम्हाला तसं एकही पत्र कधी आलं नसणार. चैत्रातल्या एखाद्या दुपारी मी हळूच फूटपट्टी सरकवली असती, आणि एक पत्र तुमच्याच पत्त्यावर टाकलं असतं, तर तुम्ही आधी मला झापलं असतंत. मग ते गॅलरीत जाऊन वाचलं असतंत, हेही मला ठाऊक आहे. मला ती दुपार परत हवी आहे, बाई. ती एकच. कैरीचा वास येतोय, गुळाचा खडा तुमचं ऐकत नाहीये, आणि मी पहिल्या ओळीपासून सुरुवात करते आहे.

मुलींचे आवाज जिन्यातून यायला लागलेत, आवरतं घेते. हे पत्र कुठे जाणार नाही, कपाटाच्या खणात राहील, शालीच्या बाजूला. वर सवयीने 'बाई' लिहिलं आणि त्याखालची ओळ मोकळी सोडली होती. आता तिथे तुमचं नाव लिहिलं आहे, कु. न लावता, नुसतं. मग हलकेच एकदा तोंडाने म्हणूनही पाहिलं, इथे, तुमच्या बाकावर. दोन्ही नावं मी घातली नव्हती, बाई. वाचलीही नव्हती. आता वाचली. तुम्ही म्हणाला होतात, मग काही बोलली नाहीस.

तुमचं नाव फार गोड आहे.